‘बरं झालं बंद पडली’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४२ वर्षांचा, राहायला कर्वेनगर, नोकरी हिंजवडीत. कॉलेजपासून आम्ही चार मित्र ‘स्टार वॉर्स’ या अंतराळातल्या हॉलिवूडपटांचे वेडे आहोत. पहिले तीन चित्रपट मी पाचवीत असताना कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून पाहिले. १९९९ साली नवा आला तेव्हा कॅम्पात जाऊन पहिल्या दिवशीचा पहिला खेळ पाहिला. हल्ली दर वर्षी ४ मेला, म्हणजे चाहत्यांच्या सणाला, आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो. यंदा सहकारनगरला होतो, मित्राकडे. त्याला ‘म’ म्हणू.

‘म’ची मुलगी १३ वर्षांची आहे. तिला २०२४ मध्ये ओटीटीवर आलेली ‘दि अकोलाइट’ ही ‘स्टार वॉर्स’चीच मालिका फार आवडते. ती आठ भागांतच आटोपली, पुढचा सीझन डिस्ने कंपनीने काढलाच नाही. पोरगी त्याबद्दल हळहळत होती. मी म्हणालो, ‘‘बरं झालं बंद पडली.’’ मग खरं काय असतं ते तिला कळावं म्हणून १९७७ चा पहिला चित्रपट लावला. गुत्त्यातला प्रसंग आला तिथे थांबवून मूळ चित्रपटात काय होतं आणि ओटीटीवर काय ठेवलंय हे तिला समजावून सांगितलं. (‘म’ म्हणतो वीस मिनिटं. दहा असतील.) ती उठून आत गेली, ती जेवायलाही बाहेर आली नाही.

‘म’ तेव्हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी टीव्ही लावला तर ओटीटीचा पासवर्ड बदललेला. अकाउंट त्याचं, पण चार वर्षं आम्ही सगळेच वापरत होतो. तेव्हापासून ग्रुपवर शुकशुकाट आहे. बाकीचे दोघं म्हणतात, तुमचं तुम्ही मिटवा.

माझं म्हणणं एवढंच, की या कंपन्या जुन्याच्या नावावर नवं खपवतात आणि जुनं आहे तेही धड ठेवत नाहीत. यात माझं काय चुकलं? स्वतःचं सबस्क्रिप्शन घ्यावं, की ओटीटीच्या त्या लायब्ररीत काही अर्थ नाही? आणि ‘म’शी कसं बोलू? आधी त्याने बोलायला हवं असं मला वाटतं.

ता. क. माझ्याकडे २००६ ची डीव्हीडी आहे, तिच्यात मूळ चित्रपट जसाच्या तसा आहे. अमेरिकेतल्या मावसभावाने आणून दिली होती. त्यामुळे मी उगाच बोलत नाही.

— एक जुना चाहता, कर्वेनगर

•

कर्वेनगरकर,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं.

पासवर्डचं आधी उरकून टाकू, तो सगळ्यात सोपा विषय आहे. चार वर्षं ज्याच्या पैशाने पाहिलंत त्याच्याच घरी, त्याच्याच सोफ्यावर बसून, त्याच्याच मुलीला तुम्ही सांगितलंत की तुझी आवड भिकार आहे. याहून किरकोळ कारणावरून पुण्यात लोकांनी शेजाऱ्याशी दोन पिढ्या अबोला धरलेला मी पाहिला आहे. ‘म’ने नुसता पासवर्ड बदलला. सभ्य माणूस. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेरच्यांची पासवर्डची सोय बंद करायला घेतली तेव्हा तुम्ही त्यांच्याशी अबोला धरला नसणार.

मला यातलं काय कळतं असं वाटू नये म्हणून सांगते. डिस्नेचं भांडार हॉटस्टारवरून भारतात आलं ३ एप्रिल २०२० ला. टाळेबंदी लागून दहाएक दिवस झाले होते आणि माझा मुलगा बंगळुरूहून येऊन घरात अडकला होता. त्याने मला हे सगळं क्रमाने दाखवलं. क्रम कुठला, यावरूनच आमचं पहिलं भांडण झालं: आधी १९७७ चा पाहायचा की गोष्टीतल्या काळाप्रमाणे १९९९ चा? मी विणत विणत पाहिलं. एक स्वेटर आणि दीड मफलर झाला. ‘द मँडलोरियन’ या मालिकेतलं ते हिरवं बाळ आलं तेव्हा मात्र सुया खाली ठेवल्या. तेव्हा तुमच्याइतकी वारकरी नसले तरी माळ घातलेली आहे, असं समजा.

तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, हेही आधीच सांगते. बाकीच्या वाचकांसाठी त्या गुत्त्याचा खुलासा करायला हवा. १९७७ च्या चित्रपटात हान सोलो नावाचा तस्कर गुत्त्यात बसलेला असतो. बक्षिसासाठी माणसं पकडणारा ग्रीडो त्याच्यावर पिस्तूल रोखून समोर बसतो. हान टेबलाखालून गोळी झाडतो आणि ग्रीडो संपतो. १९९७ साली दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी डागडुजी करून चित्रपट पुन्हा थिएटरात आणला, त्यात ग्रीडो आधी गोळी झाडतो, ती चुकते, मग हान झाडतो. २००४ च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदमच सुटतात. आणि २०१९ मध्ये डिस्नेने आपलं ओटीटी सुरू केलं तेव्हा तिथल्या प्रतीत ग्रीडो मरण्याआधी ‘मॅकलंकी’ असं काहीतरी म्हणतो, जे त्याआधी त्याच्या तोंडून कुठल्याच थिएटरात कुणी ऐकलं नव्हतं.

एका गोळीच्या चार आवृत्त्या, आणि लायब्ररीत मिळते ती शेवटची. फरक किरकोळ नाही. आधी गोळी झाडणारा हान हा बेरकी, आपल्यापुरतं पाहणारा माणूस आहे, म्हणून तर शेवटच्या लढाईत तो मित्रांसाठी परत येतो याला किंमत येते. त्याला आधीपासून सज्जन केलं की त्याचं परत येणं नुसतं वेळापत्रकाप्रमाणे येणं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या नोंदीत, १९८९ च्या अगदी पहिल्या यादीत हा चित्रपट होता, म्हणजे डागडुजीच्या आठ वर्षं आधी. आपल्याकडे कीर्तनकार आख्यानात हवी ती भर घालतो, पण मूळ पोथी देवळातून उचलून नेत नाही. तर तुमची ही तक्रार खरी आहे.

पण ती कुणाविरुद्ध? खाडाखोड सुरू केली मूळ निर्मात्याने, चित्रपट त्याच्या ताब्यात असताना. ल्यूकस यांची कंपनी डिस्नेने घेतली २०१२ साली, सुमारे ४ अब्ज डॉलरला. १९९७ च्या आणि २००४ च्या बदलांशी आजच्या मालिकांचा काही संबंध नाही, आणि २०१२ च्या आसपास जन्मलेल्या मुलीचा तर मुळीच नाही. ल्यूकससाहेबांवरचा राग तुम्ही सहकारनगरला जाऊन काढलात.

आता ‘जुन्याच्या नावावर नवं खपवतात’ याबद्दल. खपवतातच. थिएटरवाल्याला तुम्ही एकदा तिकीट काढलंत की तुमचं त्याचं नातं संपतं. ओटीटीवाल्याला तुम्ही पुढच्या महिन्यातही हवे असता, आणि त्याच्या पुढच्याही. त्याचा सगळा जीव गळतीत अडकलेला असतो: कोण सोडून गेलं, का गेलं. म्हणून ओळखीचं नाव. जाहिरात कमी लागते, निम्मे लोक उत्सुकतेने पाहतात, निम्मे शिव्या घालायला पाहतात. पाहतात दोघंही. रागाने पाहिलेला तास कंपनीच्या वहीत वेगळ्या रकान्यात जात नाही, हे तुमच्यासारख्या सगळ्या जुन्या भक्तांना एकदा सांगायलाच हवं.

यातून रटाळ गोष्टीही निघतात. ओबी-वान केनोबीची २०२२ ची मालिका मुळात चित्रपट म्हणून योजलेली होती, आणि सहा भाग पाहताना ते कळतं. पाणी वाढवलेली आमटी. पण त्याच वर्षी ‘अँडोर’ सुरू झाली, २०२५ मध्ये दुसऱ्या सीझनला संपली. एकूण २४ भाग. तिच्यात लाइटसेबर म्हणजे ती प्रकाशाची तलवार नाही, ती चालवणारे जेडाय योद्धे नाहीत, जुन्या चाहत्यांना खूश करायला घातलेलं असं फारसं काहीच नाही. आहेत ते हेर, कारकून, कामगार आणि टेबलाभोवती बसून जुलमाची फाईल पुढे सरकवणारे अधिकारी. बैठकांमध्ये उभं आयुष्य गेलेल्या कुणालाही ती दृश्यं पाहून घाम फुटेल. माझ्या मते १९८० च्या दुसऱ्या चित्रपटानंतर या नावाखाली झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे, आणि ते ‘पुनरुज्जीवन’ या सदरातच मोडतं. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखसुद्धा नाही. पाहिली आहे ना?

आणि तो १९९९ चा चित्रपट. तुम्ही सोळा वर्षांचे होता, कॅम्पात पहिला खेळ पाहिलात, अजून अभिमानाने सांगता. तेव्हाच्या ‘जुन्या चाहत्यांनी’ त्याचं काय केलं आठवतं का? त्यातलं जार जार बिंक्स हे विनोदी पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्ट यांच्यावर इतकी चिखलफेक झाली, की आपण जीव द्यायच्या विचारापर्यंत गेलो होतो, असं त्यांनी २०१८ मध्ये स्वतः सांगितलं. २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’च्या तिसऱ्या सीझनमध्ये ते जेडाय होऊन परत आले, त्या हिरव्या बाळाला वाचवायला. माझ्या मुलाने मला फोन करून सांगितलं, इतका तो हरखला होता. टाळ्या वाजवणारे कोण होते? ज्यांनी तो चित्रपट शाळकरी वयात पाहिला, ते. मध्ये चोवीस वर्षं गेली. ‘म’ची मुलगी आणखी चोवीस वर्षांनी ३७ वर्षांची असेल, आणि ‘दि अकोलाइट’बद्दल तेव्हा तिचंच मत चालणार आहे. तुमचं माझं कोण विचारतो.

खरं तर पुणेकराला यात नवीन काही वाटायला नको. ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आलं. तेव्हापासून प्रत्येक पिढीने ते नव्याने उभं केलं आणि प्रत्येक वेळी आधीच्या पिढीने नाक मुरडलं. माझ्या घरातली गोष्ट ‘कट्यार काळजात घुसली’ची आहे. १९६७ चं नाटक, दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. वडिलांनी ते किती वेळा पाहिलं याची मोजदाद आईने सोडून दिली होती. २०१० मध्ये वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी ते पुन्हा आणलं. वडील तेव्हा ७८ वर्षांचे. पेपरातली जाहिरात पाहिली, पेपरची घडी केली आणि म्हणाले, ‘‘मी येणार नाही.’’ का? ‘‘मी ते पाहिलंय.’’

भावाने ऐकलं नाही. बालगंधर्वची तिकिटं काढली, दुसरी रांग. वडील आले आणि हाताची घडी घालून बसले. मध्यंतर होईपर्यंत ती सुटली नाही. बाहेर बटाटावडा खाताना मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, ‘‘वडा गार आहे.’’ नंतर कधीतरी त्यांचा उजवा हात मांडीवर आला आणि ताल धरायला लागला. माझं लक्ष आहे म्हटल्यावर थांबला. रिक्षात बसल्यावर, अलका टॉकीजचा चौक ओलांडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग म्हणाले, ‘‘गायला बरा.’’ पुण्यातली दाद ज्यांना मोजता येते त्यांना हा आकडा केवढा ते कळेल. २०१५ मध्ये सुबोध भावे यांचा चित्रपट आला तेव्हा वडील नव्हते, त्यामुळे त्यावरच्या टीकेला आम्ही मुकलो.

पण मला सांगायचंय ते पुढचं. त्या रात्री माझा चौदा वर्षांचा मुलगाही बरोबर होता. त्याने वसंतराव ऐकलेच नव्हते, त्याच्या लेखी राहुल हेच खाँसाहेब. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘‘आजोबा, तुमच्या वेळचं ऐकवा ना.’’ वडिलांनी कपाटातून कॅसेट काढली, पुसली, लावली. आणि गप्प बसले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं चाळीस वर्षांचं साठलं होतं आणि स्वभावाने ते काही मितभाषी नव्हते, तरी कॅसेट संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पोराने आपणहून बाजू बदलली.

तुम्ही वीस मिनिटं बोललात. बरं, दहा.

आता तुमचा ता. क. पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग तो. तुमच्याकडे डीव्हीडी आहे. पाचवीतल्या कॅसेटची आठवण आहे, अमेरिकेत मावसभाऊ आहे. कंपनीने उद्या तो चित्रपट लायब्ररीतून काढून टाकला, त्यात आणखी तीन ‘मॅकलंकी’ घुसडले, तरी तुमचं काही बिघडत नाही. त्या मुलीकडे काय आहे?

‘विलो’चं काय झालं ते ऐका. १९८८ चा परीकथेच्या धाटणीचा चित्रपट, ल्यूकस यांच्याच कंपनीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची नवी मालिका आली, आठ भाग. मे २०२३ मध्ये ती ओटीटीवरून काढून टाकली. सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. परवाना संपला म्हणून नव्हे, मालिका त्यांचीच होती. त्या सुमाराला कंपनीने असे अनेक कार्यक्रम उतरवले आणि त्यापोटी सुमारे दीड अब्ज डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. ठेवण्यापेक्षा काढून टाकणं ताळेबंदाला सोयीचं पडलं. गंमत बघा, १९८८ चा जुना चित्रपट राहिला, गेली ती नवी मालिका. ज्यांना ती आवडली होती त्यांना दुकानात जाऊन डिस्क घ्यावी म्हटलं तर डिस्कही निघालेली नव्हती.

म्हणजे ‘जुनं धड ठेवत नाहीत’ हे तुमचं वाक्य उलटं वाचायला हवं. जुनं कुठे ना कुठे उरतं, कारण ते कधीतरी वस्तू म्हणून विकलं गेलं होतं. नवं फक्त कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि कंपनीच्या मर्जीवर. तुमच्या पाचवीतला चित्रपट एका पेटीत होता, ती पेटी हातात धरता येत होती. तिच्या सहावी-सातवीतली मालिका एका खिडकीतून दिसते आणि खिडकीचा पडदा दुसऱ्याच्या हातात आहे. ‘दि अकोलाइट’च्या शेवटच्या भागात योडाची, जुन्या चित्रपटांतल्या त्या जेडाय गुरूची, पाठ तेवढी दिसते आणि गोष्ट तिथेच थांबते. पुढचं येणार नाही हे तिला कळलंय. मागचं तरी राहील याची खात्री नाही. अशा वेळी तुम्ही म्हणालात, बरं झालं.

आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी एकेक रीळ हिंडून, मागून, पदर पसरून जमवलं. तरीही ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज नाही. १९३१ साली तो लागला तेव्हा त्याच्यावर उड्या पडल्या होत्या. पण तो नवा होता, धंद्याचा होता, जपून ठेवण्याजोगा कुणाला वाटला नाही. जुनं म्हणून फार गेलं नसेल, त्याहून जास्त नवं असताना कुणी मोजलं नाही म्हणून गेलं आहे. (आणि जपलेलंही जातं. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारात आग लागली, तीत नायट्रेटची रिळं जळाली. पण तो वेगळाच विषय, आणि मला त्याबद्दल लिहिताना अजून त्रास होतो.)

सबस्क्रिप्शनचं थोडक्यात. ओटीटीच्या लायब्ररीला कपाट समजू नका. ते आपल्याकडच्या भाड्याच्या वाचनालयासारखं आहे, फरक इतकाच की तिथे निदान अनामत परत मिळायची. एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका हॉटस्टारवरून ३१ मार्च २०२३ ला गेल्या आणि मे महिन्यात जिओसिनेमावर उगवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती दोन्ही दुकानंच एक झाली. तेव्हा आयुष्यभराची व्यवस्था करायला जाऊ नका. पाहायचं ठरलं की महिनाभर घ्या, पाहा, बंद करा. जे खरंच जिवाभावाचं आहे त्याची डिस्क मिळत असेल तर घेऊन ठेवा. ‘द मँडलोरियन’चे पहिले दोन सीझन २०२३ च्या शेवटी डिस्कवर आले, म्हणजे चाहत्यांनी धोशा लावला की कंपन्या हलतात. तुमचा राग तिथे खर्च करा, तिथे तो कामाचा आहे. आणि तिथे ‘म’ची मुलगी तुमच्याच बाजूला उभी असेल.

आता बोलायचं कसं. आधी त्याने बोलावं असं तुम्हाला वाटतं. का? या प्रश्नाचं उत्तर मी पत्रात शोधलं, सापडलं नाही.

आधी मुलीशी बोला, ‘म’शी नंतर. फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच, आणि मीम पाठवून विषय हलका करायला जाल तर मी या सदरात तुमचं दुसरं पत्र छापणार नाही. त्याआधी एका महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन ‘दि अकोलाइट’चे आठही भाग पाहा. एका शनिवारचं काम आहे. मला ती मालिका कशी वाटली ते मी सांगणार नाही, तुम्ही ते कारण म्हणून वापराल. मग रविवारी सहकारनगरला जा आणि तिला सांगा: ‘‘त्या दिवशी मी बरं झालं म्हणालो, ते मी बोलायला नको होतं. आता मी मालिका पाहिली.’’ तेव्हा पाहिली नव्हती असं असेल तर तेही सांगून टाका. ‘‘मला तसं म्हणायचं नव्हतं’’ हे मात्र नको. तुम्हाला तसंच म्हणायचं होतं, आणि तेरा वर्षांच्या मुलांना हे वाक्य लांबून ओळखता येतं.

मालिका आवडली नाही तर आवडली असं दाखवू नका. मतभेद तिला चालेल, हिणवणं चाललं नाही. ओशा आणि मे या जुळ्या बहिणींपैकी तुला कोण पटते, असं विचारा. मास्टर सोलचं नेमकं कुठे चुकलं, विचारा. मग ती बोलत असताना तुम्ही गप्प बसायचं आहे. तिने वीस मिनिटं घेतली तर वीस. ती कदाचित नुसतं ‘‘बरं काका’’ म्हणून फोनमध्ये डोकं घालेल. तो तिचा हक्क आहे. पुन्हा कधीतरी विचारा.

‘म’ला पैशाचं पाकीट देऊ नका, तो ते तुमच्या अंगावर फेकेल आणि बरोबर करेल. त्याचं पुढच्या वर्षाचं सबस्क्रिप्शन तुम्ही भरा आणि पासवर्ड मागू नका. त्याच्याशी फार बोलावं लागणार नाही. मुलीशी तुम्ही काय बोललात ते त्याने स्वयंपाकघरातून ऐकलेलं असेल.

डीव्हीडी बरोबर न्या, प्लेअरही न्या, आणि दोन्ही तिच्याकडे ठेवून या. पाहायचं तेव्हा पाहील. तुम्ही तिथे थांबायचं नाही. आजच्या टीव्हीवर तुमचं ते अस्सल चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत एवढंसं दिसेल, कारण ती प्रत डीव्हीडीआधीच्या, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून काढलेली आहे. तिने त्यावरून नाक मुरडलं तर मुरडू द्या. आणि निघण्यापूर्वी प्लेअर घरी एकदा लावून बघा. इतक्या वर्षांत रिमोटमधले सेल बहुतेक गळलेले असतील.

— ताई